सतराशे पन्नास की एक्कावन्न

डेरिक टॅपस्कॉट आला त्या शनिवारी शैला जिन्याखालचं कपाट आवरत होती. कपाट आवरण्याची दोन महिन्यांतली ही तिसरी खेप. बत्तीस वर्षं ब्रिस्टलच्या हॉस्पिटलांत लोकांना भूल देण्यात गेली आणि २००३च्या डिसेंबरात रिटायर झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की सोमवार उजाडतो खरा, पण आपल्याला कुठेच जायचं नसतं. नवरा शशिधर तिच्या आधी तीन वर्षं रिटायर झालेला. तो मजेत होता. फिल्टनच्या विमान कारखान्यात विमानांच्या पंखांचे आराखडे काढण्यात जन्म गेलेला माणूस आता ग्रीनहाउसमध्ये टोमॅटोची रोपं करायचा आणि क्रॉसवर्ड सोडवायचा.

डेरिकही त्याच कारखान्यातला. शशिधर वर डिझाइन ऑफिसात, डेरिक खाली शॉप फ्लोअरवर फिटर. दोघांची दोस्ती कँटीनमधल्या बुद्धिबळापासूनची. सहासष्ट वर्षांचा, रुंद खांद्यांचा, काळ्याभोर भुवयांचा हा गडी बायको गेल्यापासून एकटाच राहायचा. दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेलेल्या.

त्या दिवशी त्याच्या हातात एक तपकिरी पाकीट होतं.

"शैला, तुला अरबी वाचता येतं का?" त्याने दारातच विचारलं.

"मला कशाला अरबी येईल?"

"शशी म्हणाला, तुला विचारून बघ. आमच्या घरात हा कागद कधीपासूनचा आहे. आजी म्हणायची, अरबी आहे. आजोबा म्हणायचे, स्पॅनिश आहे."

शैलाने हात धुतले, चष्मा लावला आणि कागद उलगडला. जाड, पिवळसर, चार घड्यांचा कागद. वरपासून खालपर्यंत सरळ आडव्या रेघा, आणि प्रत्येक रेघेला लोंबणारी वळणदार अक्षरं, एकाला एक चिकटलेली, कुठे जागा नाही, कुठे विराम नाही.

तिने कागद उजेडाकडे धरला.

"अहो!" तिने स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली. "अहो, इकडे या आधी! ही मोडी आहे. मोडी!"

शैलाचे वडील रत्नागिरीला जमिनींच्या दप्तरात नोकरीला होते. ती अकरा वर्षांची असताना कांजिण्या येऊन महिनाभर घरी पडली, तेव्हा तिची किरकिर थांबावी म्हणून त्यांनी तिला मोडी शिकवली. पुढे शाळेत ती मैत्रिणीला मोडीत चिठ्ठ्या लिहायची आणि बाईंना त्या वाचता यायच्या नाहीत. त्यानंतर पन्नास वर्षांत मोडीचं एक अक्षर नजरेसमोर आलं नव्हतं. आणि आता ब्रिस्टलमध्ये, स्वतःच्याच डायनिंग टेबलावर, हे!

पहिल्या ओळीला तिला वीस मिनिटं लागली. बोट रेघेखालून सरकत होतं आणि ओठ हलत होते. डेरिकचा चहा गार झाला.

"'चिरंजीव सौभाग्यवती साळू इस...'" ती वाचत म्हणाली, "'बाबाजीचा आशीर्वाद.' डेरिक, हे पत्र आहे. भावाने बहिणीला लिहिलेलं. तिचं नाव साळू. आणि इथे, पाचव्या ओळीत बघ, 'टापसकाट साहेब'. म्हणजे तुम्हीच!"

डेरिक खुर्चीत मागे टेकला. मग त्याने एक मोठा श्वास घेतला आणि जे सांगितलं ते शशिधरलाही तीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

टॅपस्कॉट हे एकेकाळी डेव्हनमधलं बडं घराणं होतं. त्यांच्याकडे बॅरनेट हा किताब होता. म्हणजे घरातल्या थोरल्या पुरुषाला 'सर' म्हणायचं, आणि तो गेला की त्याच्या थोरल्या मुलाला. शेवटचे बॅरनेट १९४९ साली मूलबाळ न होता वारले आणि किताब तसाच पडून राहिला. रद्द झाला नाही, कुणाला मिळालाही नाही. कायद्याच्या भाषेत सुप्त. त्याच्यावर हक्क सांगू शकेल असा एकच पुरुष तेव्हा उरला होता, डेरिकचे वडील आर्थर. ते जॉर्ज टॅपस्कॉटपासून चाललेल्या धाकट्या पातीचे. हा जॉर्ज कंपनी सरकारच्या फौजेत लेफ्टनंट म्हणून दापोलीच्या छावणीत होता आणि बायको-मुलाला घेऊन परत आला होता.

"डॅड त्या घराण्याच्या वकिलाला भेटायला गेले," डेरिक म्हणाला. "सूट भाड्याने आणून. मी बारा वर्षांचा होतो. वकील म्हणाला, मिस्टर टॅपस्कॉट, तुमच्या पणजोबांनी हिंदुस्थानात एक बाई ठेवली होती. लग्नाची नोंद कुठेच नाही. अनौरस मुलाच्या वंशाला किताब मिळत नाही. डॅड घरी आले, सूट काढला, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. कारखान्यात मात्र बातमी फुटली होती. मरेपर्यंत लोक त्यांना 'ड्यूक' म्हणून चिडवायचे."

शैला पुन्हा कागदावर वाकली होती. पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या शब्दावर तिने बोट ठेवलं.

"त्या वकिलाला हे वाचता आलं नाही. भाऊ तिला सौभाग्यवती म्हणतो आहे. आमच्यात ठेवलेल्या बाईला कुणी सौभाग्यवती लिहीत नाही, डेरिक. ही लग्नाची बाई आहे."

पुढचा आठवडा शैलाच्या आयुष्यातला सगळ्यात झपाटलेला आठवडा असेल. कपाट अर्धवटच राहिलं. तिने पहिलीत शिकवतात तशी मोडीची बाराखडी कागदावर मांडून स्वयंपाकघरात लावली, कागदाच्या मोठ्या झेरॉक्स काढल्या आणि एकेक शब्द सोडवायला घेतला. शशिधरने तीन दिवस स्वतःच भात-आमटी केली आणि कुरकुरही केली नाही. बेसिंगस्टोकला सॉलिसिटर असलेल्या मुलीला, आश्लेषाला, रोज संध्याकाळी फोन जायचा.

"आई, लिसन," आश्लेषा म्हणायची, "तो चिठ्ठी खूप छान आहे, पण तो प्रूफ नाही. तुला मॅरेजचा रजिस्टर पाहिजे. आणि मॅरेज बाळाच्या आधी झाला पाहिजे. नंतर झाला तर नो गुड."

"आधी म्हणजे किती आधी?"

"एक दिवस पण चालेल. पण आधी."

बाळाचा जन्म पक्का होता. जॉर्जचा मुलगा हेन्री, डेरिकचा पणजोबा, ऑक्टोबर १८२९मध्ये जन्मला. त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद मुंबईच्या कागदांत होती. लग्नाची मात्र नव्हती. घराण्याच्या वकिलाने दापोलीची नोंद शोधली, मुंबईची शोधली, टॅपस्कॉट हे नाव कुठेच नव्हतं.

गुरुवारी पत्र संपूर्ण लागलं. शैलाने डेरिकला बोलावून घेतलं आणि टेबलाशी बसवून सगळं इंग्रजीत सांगितलं. मधेमधे ती मूळचे शब्दही म्हणत होती, कारण तिला ते म्हणायला आवडत होते.

बाबाजी दापोलीच्या छावणीत कारकून होता. साळूने धर्म बदलला, लग्न केलं, आणि आईवडिलांनी तिचं नाव टाकलं. हे पत्र त्यानंतर काही वर्षांनी लिहिलेलं, साळू नवऱ्याबरोबर विलायतेला निघाली तेव्हाचं. भावाने ते घरच्यांना न सांगता लिहिलं होतं. 'तुझे लग्न मार्गशीर्ष शुद्ध पंचमी गुरुवारी बाणकोट मुक्कामी पादरीसाहेबांनी लाविले, ते समयी आम्ही खाडीचे अलीकडे उभे होतो. आत आलो नाही, याचा राग मानू नये. दिवस टिपून ठेविला आहे. साहेबाचे मुलखी कोणी पुसिले, तरी हा कागद दाखविणे.'

डेरिकने रुमाल काढून नाक शिंकरलं.

"पण तिकडे तो कुणाला वाचताच आला नाही," तो म्हणाला.

"आता वाचला ना," शैला म्हणाली. "आणि बघ, जागासुद्धा सांगितली आहे त्याने. दापोली नाही, बाणकोट! म्हणून वकिलाला सापडलं नाही."

"आणि साल? साल लिहिलं आहे?"

मग तिने भिंग त्याच्या हातात दिलं. साल लिहिलेलं होतं. शके सतराशे पन्नास, किंवा शके सतराशे एक्कावन्न. शेवटचा आकडा नेमका घडीवर आला होता. तिथे कागद इतका झिजला होता, की एक गोल तेवढा दिसत होता. त्या गोलाला खाली शेपूट होतं की नव्हतं, हे सांगता येत नव्हतं. शेपूट नसेल तर शून्य, म्हणजे डिसेंबर १८२८, बाळाच्या दहा महिने आधी. शेपूट असेल तर एक, म्हणजे बाळ झाल्यावर.

डेरिक बराच वेळ भिंगातून बघत राहिला.

"मला तर शून्य दिसतं," तो म्हणाला.

"मलाही ते शून्यच असावंसं वाटतं. पण दिसत नाही."

"शैला, या देशात हे वाचणारी माणसं किती असतील? तू शून्य म्हणालीस तर शून्य."

"म्हणूनच मला म्हणता येणार नाही," ती म्हणाली. आवाज तिच्याही नकळत चढला होता. "ऑपरेशनच्या आधी किती मिलिग्रॅम दिलं हे मी कधी अंदाजाने लिहिलं नाही. हेही लिहिणार नाही. आणि उद्या कुणी दुसऱ्याने एक वाचला, तर तुझ्या साळूला लोक दुसऱ्यांदा खोटं पाडतील."

डेरिक उठला, कोट घातला आणि निरोप न घेताच गेला. शैलाला वाईट वाटलं, रागही आला. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा गाळत असताना शशिधर टेबलावर तिचं टिपण वाचत बसला होता. त्याला मोडी यायची नाही, पण तिने देवनागरीत उतरवलेलं तो शांतपणे वाचायचा.

"शैला," तो म्हणाला, "यात गुरुवार कशाला लिहिला आहे?"

"कारकून होता तो. तिथी लिहिली की वार लिहायचा, ही सवयच असते."

"मग दोन्ही वर्षी मार्गशीर्ष शुद्ध पंचमी गुरुवारीच येईल का?"

गाळणी शैलाच्या हातातच राहिली. चहा ओट्यावर सांडला आणि खाली टपकायला लागला.

"अहो," ती हळूच म्हणाली, आणि मग मोठ्याने, "अहो! नाही येणार! एका वर्षात तिथी अकरा-एक दिवस मागे सरकते. एका वर्षी गुरुवार असेल, तर दुसऱ्या वर्षी नसणारच. मला का नाही सुचलं हे?"

"तू आकड्याकडे बघत होतीस," शशिधर म्हणाला आणि पेन्सिल शोधायला उठला.

चाळीस वर्षं ज्याने पंखावरून हवा कशी वाहते ते मोजलं, त्याला चंद्र मोजणं अवघड नव्हतं. पण शशिधर घाई करणारा नव्हता. तो लायब्ररीत जाऊन खगोलशास्त्राचं जाडजूड पुस्तक घेऊन आला, कॉम्प्युटरवर तक्ता मांडला, आणि आधी यंदाच्या अमावास्या काढून त्या कॅलेंडरशी ताडून बघितल्या. शैला त्याच्या खुर्चीमागे उभी. दर पाच मिनिटांनी विचारायची, "झालं का?"

"अगं, बस ना जरा. तू मागे उभी राहिलीस की माझे आकडे चुकतात."

ती बसली नाही. तो १८२९पासून सुरू झाला. मुद्दाम, म्हणाला, कारण जे नको आहे ते आधी बघावं. त्या वर्षी मार्गशीर्षाच्या आधीची अमावास्या सव्वीस नोव्हेंबरला, पंचमी एक डिसेंबरला. वार?

"मंगळवार," शशिधर म्हणाला.

"नक्की?"

"थोडंफार इकडेतिकडे झालं तरी सोमवार. गुरुवार कुठल्याही हिशेबाने नाही. आता दुसरं."

१८२८ची अमावास्या सात डिसेंबरची आली, तीही सकाळीच संपलेली. शशिधरने मोजलं, पुन्हा मोजलं. मग चष्मा काढला आणि खुर्ची फिरवून बायकोकडे तोंड केलं. इतक्या वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर असं हसू तिने एकदाच पाहिलं होतं, त्यांच्या कारखान्यातलं पहिलं मोठं विमान धावपट्टीवरून उठलं तेव्हा.

"अकरा डिसेंबर, अठराशे अठ्ठावीस," तो म्हणाला. "गुरुवार."

शैलाने त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. मग तिने फोन उचलला. डेरिकने उचलताच हॅलोसुद्धा न म्हणता ती ओरडली, "शून्य आहे! डेरिक, ते शून्यच आहे! आणि हे मी म्हणत नाही, चंद्र म्हणतो आहे!"

मग डेरिक म्हणाला, "काल मी जे बोललो ना, शैला, त्याबद्दल सॉरी."

"ते राहू दे. मंगळवारी सकाळी सातच्या ट्रेनने लंडनला यायचं. बूट आरामाचे घाल."

कंपनी सरकारच्या काळातले पाद्र्यांचे कागद लंडनला ब्रिटिश लायब्ररीत असतात. तिघं जण सेंट पँक्रसला पोचले, कार्ड काढली, पेनं लॉकरमध्ये ठेवून पेन्सिली घेतल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वाचनकक्षात मायक्रोफिल्मच्या मशिनासमोर बसले. मुंबई इलाख्यातून दर वर्षी लग्नांच्या नोंदींच्या नकला लंडनला येत. सूचीत टॅपस्कॉट नव्हता, ते त्यांना ठाऊकच होतं. शैलाने सूची बाजूला ठेवली. तिच्याजवळ आता नाव नव्हे, दिवस होता.

डेरिक मशिनाचा दांडा फिरवत होता. पानामागून पान सरकत होतं. फिटरचे हात, सवयीने अगदी एकसारखे फिरत होते. नोव्हेंबर १८२८. पुणे, खडकी, भायखळा. डिसेंबर. चार तारीख, आठ तारीख.

"हळू," शैला पुटपुटली. "हळू, हळू... थांब!"

अकरा डिसेंबर १८२८. फोर्ट व्हिक्टोरिया इथे, दौऱ्यावरच्या पाद्र्याच्या हस्ते. जॉर्ज जॅपस्कॉट, लेफ्टनंट, अविवाहित, आणि मेरी, एतद्देशीय ख्रिस्ती, अविवाहित.

"जॅपस्कॉट?" डेरिक म्हणाला. "जॅ?"

शैलाने सूचीचा खंड ओढला आणि 'जे'चं पान काढलं. होता. पावणेदोनशे वर्षं तो तिथे बसून होता, जे अक्षराखाली. मुंबईतल्या कुणा नकलनविसाने जॉर्जच्या सहीतला 'टी' 'जे' म्हणून वाचला होता, आणि तेवढ्यावर एका बाईची लाज गेली होती.

"आणि हे फोर्ट व्हिक्टोरिया कुठे आलं?" शशिधर कुजबुजला.

शैलाने नकाशांच्या कपाटाकडे जवळजवळ धाव घेतली. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी मान वर करून तिच्याकडे बघितलं, पण तिला पर्वा नव्हती. कोकण किनारपट्टीच्या जुन्या नकाशावर, सावित्रीच्या मुखाशी, इंग्रजांनी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: 'बाणकोट अथवा फोर्ट व्हिक्टोरिया'.

ती परत आली तेव्हा डेरिक पडद्यासमोर तसाच बसला होता. दोन्ही हात मांडीवर, आणि डोळे गळत होते. तो पुसतही नव्हता.

"गुरुवार," तो म्हणाला. "तुझा बाबाजी गुरुवार म्हणाला होता."

"माझा नाही," शैला म्हणाली. "तुझ्या पणजोबांचा मामा."

तिथून पुढे मात्र वेळ लागला. आश्लेषाने अर्ज तयार केला. डेरिकच्या घराण्यातले जन्म, लग्नं, मृत्यू सगळे सर्टिफिकिटांनिशी लावले. फौजेच्या याद्यांतून जॅपस्कॉट नावाचा लेफ्टनंट कधी नव्हताच हे दाखवलं, आणि टॅपस्कॉट त्या वर्षी दापोलीला होता हेही. आता एकच प्रश्न उरला. रजिस्टरातली 'मेरी' आणि पत्रातली 'साळू' एकच कशावरून? ते फक्त मोडीतल्या पत्रावरूनच कळत होतं. आणि पत्र वाचणारी होती अर्जदाराच्या मित्राची बायको.

म्हणून २००५च्या मार्चमध्ये शैलाला लंडनला बोलावलं गेलं. वंशावळी आणि किताबांचे दावे तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना तिकडे हेरल्ड म्हणतात. हे गृहस्थ साठीचे, उंच, अतिशय अदबशीर होते. त्यांनी चहा मागवला, हवापाण्याचं बोलले, आणि मग एका फाइलीतून एक फोटोकॉपी काढून तिच्यासमोर ठेवली.

"डॉक्टर, आपला अपमान करायचा हेतू नाही," ते म्हणाले. "पण हे आपण कधी पाहिलेलं नाही. याचं भाषांतर माझ्याकडे आहे, एका दिवंगत अभ्यासकाने केलेलं. आपण वाचून दाखवाल का?"

शैलाला वाटलं होतं, आपण घाबरू. पण कागद बघताच तिला तिच्या तोंडी परीक्षांची आठवण आली, आणि त्यांत ती कधी नापास झाली नव्हती. हे अक्षर बाबाजीच्या अक्षराहून वाईट होतं, घाईत लिहिलेलं. तिने पेन्सिल घेतली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग ती एकदम हसायला लागली.

"माफ करा," ती म्हणाली. "हे बैलांबद्दल आहे. या माणसाने आठ बैल पाठवले होते, आणि घेणारा म्हणतो त्यांतला एक लंगडा निघाला. हा शपथेवर सांगतो आहे, की निघताना बैल ठणठणीत होता, वाटेत तुमच्याच माणसाने त्याला खड्ड्यात घातला. आणि त्या माणसाला तो... कसं सांगू... फार चांगलं म्हणत नाही आहे."

हेरल्डसाहेबांनी हातातल्या कागदावर नजर टाकली. त्यांच्या ओठांचे कोपरे थरथरले.

"इथे 'सेवकाने हलगर्जी केली' एवढंच आहे," ते म्हणाले.

"मग आपल्या अभ्यासकाने बरंच सोज्वळ केलं आहे. मूळ शब्द सांगू?"

"कृपा करून सांगा," हेरल्डसाहेब म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतला.

त्यानंतर ते दोन तास टॅपस्कॉटांच्या पत्रावर बसले. घडीवरच्या आकड्याशी आल्यावर शैला म्हणाली, "हा मला वाचता येत नाही. इथे मी टिंब ठेवलं आहे. साल वारावरून काढलं आहे, त्याचं गणित माझ्या नवऱ्याने सोबत जोडलं आहे." साहेबांनी शशिधरचे तक्ते पानापानाने बघितले. शेवटी त्यांनी वंशावळीचा कच्चा आराखडा काढला. जॉर्जच्या शेजारी 'मेरी' असं लिहिलेलं होतं.

बाहेरच्या खोलीत बसलेल्या डेरिकला त्यांनी आत बोलावलं आणि विचारलं, "वंशावळीत हिचं नाव मेरी एवढंच ठेवायचं का?"

"नाही," डेरिक म्हणाला. एवढ्या मोठ्या खोलीत तो पहिल्यांदाच ताठ उभा राहिला होता. "तिचं नाव साळू होतं. तिच्या भावाने तेच लिहिलं आहे. तसंच घाला."

"स्पेलिंग?"

डेरिकने शैलाकडे बघितलं. तिने पेन्सिल उचलली आणि रोमन अक्षरांत लिहिलं, 'साळू, दापोलीच्या बाबाजीची बहीण'. तो 'ळ' काही रोमन लिपीत बसेना. ल खाली एक टिंब देऊन तिने भागवलं आणि साहेबांना दोनदा उच्चार करून दाखवला. त्यांनीही दोनदा करून बघितला. जमला नाही, पण हट्ट सोडला नाही.

पत्र आलं ते २००६च्या जूनमध्ये, एका शुक्रवारी. सकाळी नऊला डेरिकचा फोन आला. तो बोलतच नव्हता, नुसता वाचत होता. बॅरनेटांच्या अधिकृत यादीत नोंद झाली आहे, सर डेरिक आर्थर टॅपस्कॉट, सहावे बॅरनेट. शैलाने त्याला पुन्हा वाचायला लावलं. मग फोन शशिधरच्या कानाला लावून तिसऱ्यांदा. मग ती तशीच स्लिपरांत बाहेर पळाली आणि कुंपणापलीकडच्या शेजारणीला सांगून आली. शेजारणीला त्यातलं काही कळलं नाही, तरी तीही ओरडली.

"आता यात मिळतं काय?" शशिधरने डेरिकला विचारलं. "जमीन? वाडा?"

"काही नाही," डेरिक म्हणाला. "एक कवडी नाही. आणि मला मुलगा नाही, तेव्हा माझ्याबरोबर संपणार. आश्लेषाने मला आधीच सांगितलं होतं." आणि तो इतका मोठ्याने हसला, की फोन कानापासून लांब धरावा लागला.

रविवारी ते सगळे डेव्हनला गेले. डेरिक, त्याच्या दोन्ही मुली, शशिधर, शैला आणि बेसिंगस्टोकहून परस्पर आलेली आश्लेषा. टॅपस्कॉटांचं जुनं घर आता हॉटेल झालं होतं. दगडी, लांबलचक, पुढे हिरवळ, आणि हिरवळीवर कुणाच्या तरी लग्नाचा पांढरा तंबू ठोकत होते. रिसेप्शनवरच्या मुलीने कॉम्प्युटरवरून मान वर केली.

"लंचसाठी सहा जणं? बुकिंग कुणाच्या नावावर आहे?"

बुकिंग आश्लेषाच्या नावावर होतं. ती सांगायला पुढे झाली, पण शैलाने तिचा दंड धरून मागे ओढलं.

डेरिकने घसा साफ केला. कोटाचं बटण लावलं, पुन्हा काढलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सर डेरिक टॅपस्कॉट," तो म्हणाला.

मुलीने यादीत बघितलं. "सॉरी, या नावाने काही दिसत नाही."

मागे पाचही जण एकदम फुटले. डेरिक आधी गोंधळला, मग त्यालाही हसू आवरेना. काउंटरवर दोन्ही हात टेकून तो हसत राहिला, आणि ती बिचारी मुलगी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी आश्लेषाने डोळे पुसत खरं नाव सांगितलं.

टेबल खिडकीपाशी मिळालं. बाहेर तंबू उभा राहत होता. शैलाने मेनू उघडला आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला सडकून भूक लागली आहे.